जबाब आणि जबाबदारी

यंत्राला बुद्धी फुटली, अशी दवंडी २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ अवतरल्यापासून घरोघर ऐकू येते आहे. शाळकरी पोरापासून पेन्शनर आजोबांपर्यंत जो तो त्याच्यापुढे प्रश्न घेऊन बसला आहे. बसो बापडा! माझे भांडण आहे ते यंत्रापुढे हात जोडणाऱ्या माणसांशी.

बुद्धीची व्याख्या आम्हीच सवंग करून ठेवली. ज्याचे उत्तर चटकन येई तो हुशार. जो अडखळे तो ढ. याच मापाने आम्ही पिढ्यान् पिढ्या मुलांचे कान पिळले. तेच माप घेऊन यंत्र पहिल्या बाकावर येऊन बसले, तेव्हा मात्र आमची गाळण उडाली! १९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारॉव्हला बुद्धिबळात हरविले खरे, पण आपण जिंकलो, हे त्या यंत्राच्या गावीही नव्हते.

यंत्रावर भाळण्याची खोडही जुनीच. एमआयटीचे प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. माणसाचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करावयाचे, एवढीच त्याची विद्या. तो घडताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेसुद्धा त्याच्याशी बोलताना साहेबांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले!

आता कॅनडातली हकिगत ऐका. आजी वारल्यामुळे निघालेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने सांगितले की, शोकप्रसंगाची सवलत तिकीट काढल्यापासून ९० दिवसांत मागाहूनही मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रवाशाने दाद मागितली, तेव्हा कंपनीचा पवित्रा असा की, यंत्राच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही; जणू ते यंत्रच स्वतंत्र आसामी! २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले व कंपनीला भरपाई द्यावयास लावली.

माझे सारे म्हणणे या निकालात आले. यंत्र जबाब देते. जबाबदार होत नाही. निदान चुकले तर डॉक्टरांची झोप उडते. गणित चुकीचे शिकविले गेले तर मास्तरांना दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभे राहणे जड जाते. चुकीची लाज आणि दिल्या शब्दाची चाड यांवाचून बुद्धी लुळी आहे.

कोणी म्हणेल, माणसे तरी कोठे जबाबदारी घेतात? खरे आहे. चूक निघाली की कारकुनाकडे बोट दाखविणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले. मला भीती वाटते ती त्यांचीच. कारण उलटून न बोलणारा आणि कधीच शिक्षा न होणारा कारकून त्यांना आता मिळाला आहे!

तेव्हा वाचकहो, यंत्राकडून पत्रे खुशाल लिहून घ्या. पण सही करण्यापूर्वी ती वाचा. मुलाला “उत्तर काय आले?” असे विचारून थांबू नका, “ते तुला कसे पटले?” हेही विचारा. आणि एखाद्या कचेरीत “यंत्रानेच असे सांगितले” हे ऐकू आले, तर खिडकीपासून हलू नका. नाव विचारा, माणसाचे!