बॅगेत लोणचं किती किलो?

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या!

सध्या आमच्या मजल्यावर एकच विषय आहे. दोघीजणी एमएससाठी जर्मनीला चालल्यात. अ‍ॅडमिशन झाली, फी भरली, आता वाद एवढाच की २३ किलोच्या बॅगेत खायचं किती भरायचं! एकीच्या आईला वर्षभराची बेगमी द्यायची आहे. दुसरी म्हणते, मी काहीच नेणार नाही, उगाच 'देशी' दिसायला नको. मला विचाराल तर दोघींचंही चुकतंय.

माझी मावसबहीण आखेनला शिकते. पहिले तीन महिने ती खोलीतच जेवायची. घरून नेलेले पोहे, मेतकूट-भात, मॅगी. वर्गातली बाकी मुलं दुपारी मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये जायची. प्रोजेक्टचे ग्रुप तिथेच जेवता जेवता ठरायचे. हिचं नाव कुठेच नाही! मार्क बरे होते, पण बोलायला माणूस नव्हतं. रात्री फोनवर नुसती रडायची. शेवटी एक दिवस ट्रे घेऊन रांगेत उभी राहिली. तिथे शाकाहारी पदार्थही असतात हे तिला तेव्हा कळलं! पुढे त्याच ग्रुपला तिने खोलीवर बोलावून पिठलं-भात खायला घातला.

मग आपलं सोडूनच द्यायचं का? अजिबात नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली, १८ व्या वर्षी, डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. तिथे शाकाहारीच राहिल्या आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. आपल्या ताटात काय असावं हे ज्याचं त्याने ठरवावं. दुसऱ्याचा डबा उघडला की नाक मुरडणं हा खरा मागासपणा, मग तो परदेशात असो की आपल्या मेसमध्ये.

आणि 'आपलं' म्हणजे तरी काय हो? उपासाची साबुदाणा खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची, बटाटा... चारही मूळचे अमेरिका खंडातले! युरोपियन जहाजांतून इथे आले. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. आपल्या आज्यांनी परकं म्हणून ते फेकलं नाही, आपल्या पद्धतीने शिजवलं.

म्हणून दोघींनाही माझं सांगणं एकच. तूप आणि पेढे तर भरूच नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. लोणच्याची एक बरणी पुरे. त्यापेक्षा जायच्या आधी आईकडून वरण, पिठलं, दोन भाज्या शिकून घ्या. फोडणी करता येण्याला वजन नसतं! रात्री आपलं रांधा, दुपारी सगळ्यांबरोबर जेवा.

मी हे बेसातच शिकले. रत्नागिरीहून आले तेव्हा पोह्यांवरची तर्री बघूनच घाम फुटला होता. मेसच्या मावशी म्हणाल्या, "खाऊन तं पाह्य पोरी!" खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, अख्खं टेबल हसलं, आणि त्याच दिवशी मला तीन मैत्रिणी मिळाल्या. त्यातल्याच दोघी आता जर्मनीला चालल्यात. आमसुलं मात्र मी अजूनही घरून आणते, आणि या तिघीच ती संपवतात!

बघा, पटतंय का!