विम्याचा हप्ता सुगीनंतर का नसावा?

शेतकऱ्याने पीक विमा उतरवला नाही, की त्याचे कारण बहुधा अज्ञानात किंवा बेफिकिरीत शोधले जाते. कुटुंबांच्या आर्थिक निर्णयांचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ मात्र वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधतात. दोष अनेकदा निर्णय घेणाऱ्यात नसून निर्णयाच्या वेळेत असतो.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ऊस उत्पादकांच्या आकलनक्षमतेची चाचणी तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर घेतली. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, ओढगस्तीच्या काळात कमी गुण मिळवणारा शेतकरीच पैसे हाती आल्यावर सरस ठरला. बुद्धी तीच होती. चिंतेचे ओझे तेवढे उतरले होते.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा खरीप अन्नधान्य व तेलबियांसाठी विमासंरक्षित रकमेच्या कमाल 2 टक्के, रब्बीसाठी 1.5 टक्के आणि वार्षिक नगदी व बागायती पिकांसाठी 5 टक्के आहे. दर जाचक नाही. परंतु कर्जदार नसलेल्या शेतकऱ्याला ही रक्कम हंगामाच्या तोंडावरच रोख भरावी लागते, आणि बियाणे, खते व मजुरी यांची तोंडमिळवणी करतानाच तो मेटाकुटीला आलेला असतो.

लोरेंझो कासाबुरी आणि जॅक विलिस यांनी केनियातील करारशेतीत केलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. आगाऊ हप्ता मागितला तेव्हा सुमारे 5 टक्के ऊस उत्पादकांनी विमा घेतला. हप्ता तोडणीनंतर उसाच्या देयकातून वजा होणार म्हटल्यावर 72 टक्क्यांनी घेतला. आगाऊ हप्त्यात 30 टक्के सूट देऊनही फारसा फरक पडला नव्हता.

याचा अर्थ ही पद्धत उद्याच सर्वत्र लागू करावी, असा नाही. खुल्या बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याकडून नंतर वसुली करणे कठीण आहे; पीक चांगले आले की हप्ता टाळण्याचा मोहही होतो. मात्र जेथे खरेदीदार निश्चित आहे, अशा साखर कारखान्यांच्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या क्षेत्रात मर्यादित प्रयोग सहज शक्य आहेत. कृषी विज्ञान केंद्रांनी त्यात पुढाकार घ्यावा. विम्याविषयी प्रबोधन हवेच. पण रिकाम्या खिशाला केलेला उपदेश हप्ता भरू शकत नाही.