वाढवायला बोलावलं, तिनं पाडायला सांगितलं

आमचं घर शहापुरातलं. गल्लीतली जुनी घरं असतात तसंच. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परसू आणि परसात आड. रुंदी अठरा फूट, लांबी विचारू नका. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. म्हणजे उजेड यायचा तो पुढून, नाहीतर मागून, आणि थोडा माजघराच्या दोन काचेच्या कौलांतून.

१९९४ मध्ये माझं लग्न ठरलं आणि अप्पांनी मागं एक खोली बांधायला काढली. मिस्त्री आमच्या ओळखीचा, हाताला चांगला. त्यानं विटेच्या तुकड्यानं परसात चार रेघा मारल्या, तोच नकाशा. लग्नाच्या आधी स्लॅब पडला, पेढे वाटले. बघायला आलेला प्रत्येक पाहुणा म्हणाला, "झकास झालं की ओ!" मीही म्हणालो.

त्या खोलीनं स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी बंद झाली. कौलं आणि स्लॅब जिथं भेटले तिथून दर पावसाळ्यात गळायला लागलं. डांबर घातलं, पत्रा ठोकला, केमिकल मारलं. बेळगावचा पाऊस त्या सगळ्याला पुरून उरला. आणि खोलीची फरशी स्वयंपाकघरापेक्षा नऊ इंच वर. का वर, ते मिस्त्रीलाही सांगता आलं नाही. त्याच पायरीवर २०२२ च्या पावसाळ्यात आई पडली. रात्री उठून परसातल्या संडासला जात होती. माकडहाडावर निभावलं, पण तिचं वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हा ठरलं, मागं आईसाठी आतूनच जाता येईल असं न्हाणीघर वाढवायचं. काम ते केवढं! त्याला आर्किटेक्ट कशाला?

हे "कशाला" मीच म्हणालो होतो, म्हणून पुढचं लिहायचा मला हक्क आहे. माझं आता स्पष्ट मत झालंय की मोठ्या बंगल्यापेक्षा असल्या छोट्या कामालाच आर्किटेक्ट जास्त लागतो. मोकळ्या प्लॉटवर चूक झाली तर ती मोकळ्या जागेत जिरते. जुन्या घराला दहा फूट जोडताना चूक झाली तर ती कुणाच्या तरी रोजच्या जगण्यात जाऊन बसते. आमच्या घरी ती आईच्या चुलीशी बसली.

आता शोधाचं सांगतो. पहिले गेलो ते टिळकवाडीतल्या एका ऑफिसात. एसी, काचेचं टेबल. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की इतकं लहान काम आम्ही घेत नाही. राग आला, पण नंतर विचार केला तर त्यांचंही खोटं नव्हतं. फी बांधकामाच्या खर्चावर टक्क्यांनी धरायची म्हटली तर छोट्या कामात हातात काय पडणार? आणि डोकं मात्र तेवढंच, किंबहुना जास्त. म्हणून छोट्या कामाला टक्केवारी बोलूच नका, ठोक रक्कम ठरवा. किती वेळा जागेवर यायचं तेही त्यातच लिहून घ्या. हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

दुसरा आमच्या नात्यातलाच मुलगा. डिप्लोमा झालेला, कॉम्प्युटरवर हुशार. दोन दिवसांत व्हाट्सॲपवर थ्रीडी चित्र आलं. काचेची गॅलरी, ताडाची झाडं, खाली पांढरी गाडी. आड गायब! मी विचारलं, "आड कुठं गेला रे?" तर म्हणतो, "काका, तो बुजवूया की." घरी एकदाही आला नव्हता.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगून टाकतो, कारण मला स्वतःला ती माहीत नव्हती. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असलेल्या माणसालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. नंबर 'सीए'नं सुरू होतो आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव तपासता येतं. पण या कायद्यानं घराचा आराखडा काढायला बाकीच्यांना बंदी नाही. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हाच अर्थ लावला: नाव वापरायला मनाई आहे, कामाला नाही. तेव्हा पाटीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि इंजिनिअर, ड्राफ्ट्समन, आर्किटेक्ट हे तीन वेगळे प्रकार आहेत हे लक्षात ठेवा. तिघंही लागू शकतात. निपाणीला माझ्या मामांनी जुन्या तंबाखूच्या वखारीला लागून दोन खोल्या काढल्या, तिथं इंजिनिअरच आधी हवा होता. काळी माती ती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया खाली घट्ट मुरमापर्यंत न्यायचा तो नेला नाही, आणि नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंतवली. जुनं घर बसायचं तेवढं बसून झालेलं असतं, नवं अजून बसत असतं. दोन्ही एकमेकांना बांधलं की मधोमध चीर पडणारच. मामांच्या खोलीत आता ती चीर झाकायला कॅलेंडर लावलंय. दर वर्षी जरा मोठं लागतं.

तिसरी मुलगी बेळगावातच शिकलेली, लहानसं ऑफिस, एक मदतनीस. भर जुलैत यायला सांगितलं तर मला वाटलं टाळेल. आली, रेनकोट सोप्यात अडकवला, आणि माझं म्हणणं ऐकायच्या आधी आईशेजारी जाऊन बसली. "आजी, रात्री किती वेळा उठता? कुठला हात धरून उठता?" आई तिला सगळं सांगत सुटली, आम्हाला कधी न सांगितलेलंसुद्धा. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "लाईट बंद करा जरा." दुपारचे साडेबारा. समोरचं पातेलं दिसेना. आम्ही सगळे गप्प उभे. तीस वर्षं तिथं दिवसा ट्यूब जळते आहे हे आमच्यापैकी कुणाला खुपलंच नव्हतं.

नंतर टेपनं अख्खं घर मोजलं. कागदावर अठरा फूट, जागेवर मागच्या बाजूला साडेसतरा. कागदांचं तर काय सांगू! शहापूर पूर्वी सांगली संस्थानात, त्यामुळे पणजोबांच्या वेळचा एक कागद मोडीत, सिटी सर्व्हेचा उतारा मराठीत, आताचा खाता कन्नडात. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांची हीच कथा. म्हणून सांगतो, इथं आर्किटेक्ट बघताना त्याला किंवा त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी कन्नड आणि मराठी दोन्ही कागद वाचता येतात का ते जरूर बघा. ज्या कागदाचा अर्थ आपल्याला लागत नाही त्यावर सही करायची वेळ येऊ नये. बांधून झाल्यावर शेजाऱ्याशी अर्ध्या फुटावरून भांडण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

आठ दिवसांनी ती हातानं काढलेला आराखडा घेऊन आली. अप्पांची खोली त्यात नव्हती.

"ही पाडायची," म्हणाली. स्वयंपाकघराला लागून सहा फुटांचा उघडा चौक, खिडकी पुन्हा मोकळी, चौकाच्या कडेनं छपराखालून कोरडी वाट, पलीकडे आईची लहान खोली. सगळी फरशी एका पातळीत, पायरी नाही. न्हाणीघर मोरीच्याच बाजूला, कारण गटाराची लाईन पुढं गल्लीत आहे आणि मागून पाणी न्यायचं तर पाईपला उतार मिळायला हवा. आड तसाच, वर जाळी. तिनं बरोबर आणलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं स्लॅबवर हातोडी ठोकून दाखवली. आवाज पोकळ. आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या.

मी वाढवायला बोलावलं होतं, ही पाडायला सांगत होती. तेही अप्पांनी बांधलेलं. अप्पा २०११ ला गेले, पण त्या खोलीच्या दारावर त्यांच्या अक्षरातली तारीख अजून होती. पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, अप्पांची खोली पाडून एकूण जागा वाढणार किती?" मी हिशेब करून सांगितलं, अठ्ठावीस चौरस फूट. तो हसला नाही. मलाही झोप लागली नाही त्या रात्री.

आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "पाडा." मी म्हटलं, "आई, अप्पांची..." तर म्हणाली, "त्यांना मी तवाच सांगितलेलं, खिडकी जातेय म्हणून. म्हणाले, मिस्त्रीला कळतंय. मग मी गप्प बसले." एवढंच बोलली आणि परत शेंगा मोडायला लागली.

मला राग मिस्त्रीचा येत नाही. त्याला खोली बांध म्हटलं, त्यानं खोली बांधली. घराचा विचार करायला कुणाला सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे नकाशा म्हणजे परवानगीचा कागद अशीच समजूत आहे. महापालिकेत चालणारी सही मिळाली की झालं. फरशीच्या दुकानात आपण हसत लाखभर रुपये मोजतो, आणि विचार करणाऱ्याला म्हणतो, "एक स्केच तर काढायचंय, त्याचे कसले पैसे?" मीही तिच्याशी फी कमी करायला घासाघीस केली. तिनं कमी केली नाही. वर सांगितलं, "पैसे कमी करायचे तर चौकात ग्रॅनाइट नको, शहाबादी घाला." ऐकलं ते बरं झालं, ग्रॅनाइटवर पावसात आई परत घसरली असती.

बाळकृष्ण दोशी हे नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. १९२७ साली पुण्यात जन्मलेले, २०१८ मध्ये प्रिट्झ्कर पारितोषिक मिळालेले पहिले भारतीय. त्यांनी इंदूरला गरिबांसाठी अरण्य नावाची वसाहत आखली. तिथं कित्येक कुटुंबांना पूर्ण घर दिलंच नाही. जोतं, संडास-मोरी, एखादी खोली, बाकी ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. पण पुढं काय वाढेल याचा विचार आधीच केलेला. आपली घरंही अशीच तुकड्या-तुकड्यांनी वाढतात. लग्नाला एक खोली, नातवाला माडी, म्हातारपणी न्हाणी. फरक इतकाच की आपण प्रत्येक तुकडा त्या-त्या वेळच्या घाईत चिकटवतो. लग्नाची तारीख मिस्त्रीला बांधलेली असते.

काम संक्रांतीनंतर सुरू केलं ते वळीव पडायच्या आधी उरकलं. सगळं गोड झालं असं नाही. प्लंबरनं एकदा उतार उलटा काढला, तिनं पाण्याची बादली ओतून पकडला आणि फरशी परत उखडायला लावली. ठरल्यापेक्षा खर्च साठ हजारांनी वाढला. कौलं आणि नवं छप्पर जिथं मिळतात तिथं पहिल्या पावसात थोडी ओल आली. पन्हळ रुंद केल्यावर थांबली. आणि ठरलेल्या पाच खेपांऐवजी ती नऊदा आली, त्याचे जादा पैसे मी दिले नाहीत. हे लिहिताना आठवलं, द्यायला हवेत.

चवथीला भाऊ सहकुटुंब आला. पिशव्या ठेवून पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि सवयीनं बटण दाबलं. आई ओट्याशी मोदकाचं सारण हलवत होती. मागं न बघताच म्हणाली, "लाईट कशाला लावतोस रे? दिसतंय की."