विश्लेषण: दरडीचा इशारा देणारा सेन्सर ऐन पावसात झोपला तर?

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. आणि माळीणच्या दुर्घटनेला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळच्या वायनाडमध्ये मुंडक्काई आणि चूरलमला उद्ध्वस्त झाली.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एक मागणी पुढे येते. डोंगरावर सेन्सर बसवा, लोकांना आधीच सावध करा. मागणी रास्त आहे. पण या सेन्सरना वीज कुठून मिळणार?

सेन्सर नेमकं काय करतात?

केरळमधल्या मुन्नार इथं अमृता विद्यापीठानं २००८ पासून डोंगरउतारावर वायरलेस सेन्सरचं जाळं उभारलं. जमिनीत पुरलेले सेन्सर मातीतला ओलावा, मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब आणि जमिनीची हालचाल मोजतात. ही माहिती रेडिओ लहरींनी पुढे जाते.

अशा उतारांवर विजेची तार नेणं अवघड. म्हणून छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी. म्हणजे सेन्सरनं आपली वीज आजूबाजूच्या वातावरणातूनच मिळवायची. यालाच ऊर्जा संकलन म्हणतात.

अडचण इथेच आहे. दरडींचा धोका मुसळधार पावसात सर्वाधिक असतो आणि सोलर पॅनलला ऊन नेमकं तेव्हाच मिळत नाही. गरज जास्तीत जास्त, कमाई कमीत कमी.

वीज खर्च कशावर होते?

मुख्यतः रेडिओवर. अशा सेन्सरमध्ये वापरला जाणारा छोटा रेडिओ चालू असताना साधारण २० मिलिअँपिअर वीज घेतो. विशेष म्हणजे तो संदेश पाठवत नसेल, नुसता ऐकत असेल, तरी खर्च जवळपास तेवढाच.

२,००० एमएएचची बॅटरी धरली, तर सतत चालू रेडिओ ती १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत संपवेल. तोच रेडिओ फक्त एक टक्का वेळ जागा ठेवला, तर हिशेबानं ती वर्षभराहून अधिक पुरते. म्हणून असे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेले असतात.

मग किती वेळ जागं राहायचं?

२००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अमन कंसल, मणी श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक सूत्र मांडलं. जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या आत खर्च ठेवायचा. मागच्या दिवसांवरून उद्याच्या उन्हाचा अंदाज बांधायचा आणि त्यानुसार जागं राहण्याचा वेळ ठरवायचा.

पण काल ऊन होतं म्हणून आजही असेल, हा हिशेब मान्सूनच्या तोंडावर कोलमडू शकतो. शिवाय ऊन कमी म्हणून काम कमी, हा नियम दरडीच्या सेन्सरला लावला तर तो नको त्या वेळी गप्प बसेल.

उपाय काय?

इथं शेतकऱ्याच्या घरचा हिशेब चालतो, सुगीत साठवायचं आणि अडचणीत खर्च करायचं. उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडीपीत बॅटरी भरून ठेवायची. कोरड्या दिवसांत तासातून एकदा मोजणी पुरे. पर्जन्यमापकानं ठरावीक मर्यादा ओलांडली की मोजणी दर काही मिनिटांनी. सगळे आकडे न पाठवता, फरक पडला तरच संदेश.

वरच्याच उदाहरणात रेडिओ २० टक्के वेळ जागा ठेवला, तर भरलेली बॅटरी उन्हाशिवाय सुमारे २० दिवस चालेल. अर्थात हे कागदावर. जुनी झालेली बॅटरी, पॅनलवरचं शेवाळ, वाढलेल्या झाडांची सावली आणि मोजणीचा स्वतःचा खर्च हे दिवस कमी करतात.

म्हणूनच एखाद्या गावासाठी अशी यंत्रणा जाहीर होईल, तेव्हा किती सेन्सर बसवले एवढंच विचारून भागणार नाही. ऊन नसताना पूर्ण वेगानं मोजणी करत ते सलग किती दिवस टिकतील, आणि पावसाळ्याआधी बॅटरी कोण तपासणार, हेही विचारावं लागेल. बंद पडलेला सेन्सर आणि सुरक्षित डोंगर, दोन्हींकडून इशारा येत नाही. गावाला त्यातला फरक कळायला हवा.