शिशाच्या गोळ्या चुलीवर ओतू नका

भात पोटरीला आले की रानडुकरांची धाड ठरलेली. खानापूर तालुक्यात रानाकडेच्या गावांतून आणि खाली गोव्यात सत्तरी-सांग्याच्या वाड्यांतून शेतकरी माळ्यावर रात्री जागून काढतो. डबे बडवतो, आरोळ्या देतो, आणि सकाळी बांधावर उभा राहून तुडवलेले पीक पाहतो. अशा काही घरांत आजोबांच्या काळापासून परवान्याची ठासणीची बंदूक आहे. शहरातले दुकान दूर, बाजारचे छर्रे महाग. तेव्हा भंगारातले शिसे आणावे, पळीत वितळवावे आणि गोळ्या घरीच ओताव्यात, असे मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. समुद्राकाठच्या आणि खाडीकाठच्या आमच्या बांधवांना तर हे काम नवे नाही. पागाच्या घेराला लावायच्या शिशाच्या गोळ्या पुष्कळ घरी अशाच ओततात. बंदुकीची गोळी असो की जाळ्याची, सामान एकच: शिसे, लोखंडी पळी, साचा आणि विस्तव. विस्तव बहुधा घरच्या चुलीतला. आमचा आक्षेप आहे तो इथे.

आधी कायद्याचे थोडक्यात सांगतो. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा तयार करण्याचा वेगळा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो, आणि 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. म्हणून कोणी साचा देऊ केला तर तो घरी आणण्याआधी आपला परवाना घेऊन परवाना देणाऱ्या कचेरीत जावे आणि विचारावे. शेजारी काय करतो हे पाहून चालू नये. अमेरिकेत घरी गोळ्या ओतणे हा कायदेशीर छंद आहे, त्यावर जाड जाड पुस्तके आहेत, साचे बनवणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत. तिकडचे पाहून इकडे हात घालणाऱ्याने दोन्ही देशांचे कायदे एक नाहीत हे ध्यानात ठेवावे. शिवाय रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येते. बंदूक परवान्याची असली तरी जनावर मारण्याची मोकळीक तिच्याबरोबर मिळत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. नुकसानभरपाईचा अर्ज, गावाने मिळून घातलेले सौर कुंपण हे मार्ग कंटाळवाणे आहेत, भरपाई वेळेवर मिळत नाही ही ओरडही खरी आहे. तरीसुद्धा आम्ही तेच सुचवू.

पण कायद्यापेक्षाही आम्हाला काळजी आहे ती घरातल्या लेकरांची.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवर सहज वितळते, म्हणूनच ते फसवे. पुष्कळ जण म्हणतात, धूर दिसत नाही, वास येत नाही, मग विष कुठले? यात अर्धे खरे आहे. शिसे उकळायला १७०० अंशांहून जास्त उष्णता लागते, आणि ते नुकते वितळलेले असताना त्याची वाफ फार थोडी निघते. पण चुलीला उष्णतामापक नसतो. लाकडे सारली, फुंकर घातली की पळी लाल होते आणि पाचशे अंशांच्या पुढे वाफही मोजण्याजोगी होते. त्याहून मोठा घात वर जमणारी करडी मळी करते. ती चमच्याने काढून बाजूला टाकतात, ती सुकते, तिची पूड होते. ती पूड चुलीच्या राखेत मिसळते, जमिनीवर पसरते, हाताला, लुगड्याला, केसांना लागते. त्याच जमिनीवर मूल रांगते आणि बोटे तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा अंगात मुरतो. लहान मुलाच्या बाबतीत जवळजवळ निम्मा. मूल उपाशी असले, त्याच्या अंगात लोह आणि चुना कमी असला, तर आणखी जास्त. म्हणजे ज्या घरात दूधदुभते कमी त्या घरातल्या मुलाला विष अधिक, असा हा उलटा न्याय आहे.

रक्तात शिसे महिनाभर राहते, पण हाडांत ते वीस-तीस वर्षे दडून बसते. पुढे मुलगी गरोदर राहिली की हाडांतला चुना सुटतो आणि त्याबरोबर हे शिसेही रक्तात उतरते, नाळेतून बाळापर्यंत जाते. मोठ्यांना पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होते, रक्त कमी होते, फार झाले तर मनगट लुळे पडते. मुलांमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, एका जागी बसत नाही, आणि आपण त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो. त्याच्या मेंदूचे झालेले नुकसान पुढे कोणत्याही औषधाने भरून येत नाही. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आहे, आणि अशी मुले एकट्या भारतात साडेसत्तावीस कोटींच्या घरात आहेत. पेट्रोलमधले शिसे आपल्याकडे २००० साली बंद झाले. तरीही हा आकडा आहे, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या.

भंगारातले शिसे म्हणजे नेमके कोणते, हेही पाहिले पाहिजे. पूर्वी छापखान्यातले खिळे मिळत. त्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असे, त्यामुळे ओतीव कडक येई, आणि खिळ्यांचे छापखाने बंद पडत गेले तेव्हा तो माल भंगारात आला. टायरवाल्याकडची चाकाची वजनेही घेतात, पण त्यांत आता जस्ताची मिसळलेली असतात. आज सर्वांत सोपे मिळते ते ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीतले शिसे, आणि तेच सर्वांत वाईट. त्यात तेजाब असते, पट्ट्यांवरची पेस्ट म्हणजे शिशाची तयार पूडच, आणि कधी कधी अँटिमनी व सोमलाचा अंश असतो. अशी मळी ओली झाली तर त्यातून अतिविषारी वायू सुटू शकतो. बॅटरी कोणीही, कोणत्याही कामासाठी घरी फोडू नये. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी. ती परत घेऊन योग्य ठिकाणी पोचवण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे.

सेनेगल देशात डाकार शहराजवळ थिआरॉय-सूर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे जुन्या बॅटऱ्यांतले शिसे काढण्याचा धंदा चाले. शिशाचा भाव चढला तेव्हा बायका ती माती घरी आणून चाळू लागल्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात त्या वस्तीतली १८ मुले दगावली. नायजेरियातील झाम्फारा प्रांतात २०१० साली सोन्याची दगडमाती घराच्या अंगणात कुटत असत. त्या दगडात शिसे होते. तिथे चारशेहून अधिक मुले गेली. यांतल्या कोणाचा गुन्हा नव्हता. पोटासाठी चालवलेले काम उंबऱ्याच्या आत आले, इतकेच.

हे ज्ञान नवे आहे असेही नाही. बेंजामिन फ्रँकलिन हा अमेरिकेचा पुढारी मूळचा मुद्रक. तरुणपणी लंडनच्या छापखान्यात काम करताना तो खिळ्यांची पेटी विस्तवापुढे धरून वाळवी आणि थंडीत ऊबदार खिळे हाताळी. हात दुखू लागले, तेव्हा एका म्हाताऱ्या कामगाराने त्याला सावध केले की अशाने हात जायचे. १७८६ च्या एका पत्रात फ्रँकलिनने हे सांगून ठेवले आहे, आणि खरी गोष्ट कळूनही ती आचरणात यायला केवढा काळ लागतो, याबद्दल खंतही केली आहे. त्या पत्रालाही आता अडीचशे वर्षे होत आली.

गुरांचेही सांगायलाच हवे. गोठ्यामागे फेकलेली बॅटरी किंवा शिशाची राख गाय-वासरे आवडीने चाटतात. मग जनावर आंधळे झाल्यासारखे वागते, भिंतीला डोके लावून उभे राहते, दात खाते, आणि बऱ्याचदा मरते. लोक म्हणतात साप चावला. जे जगते त्याच्या दुधातही शिसे उतरू शकते. म्हणून मळी उकिरड्यावर टाकू नये. त्या उकिरड्याचे खत शेवटी भाजीलाच जाणार.

बंदुकीसाठी गोळ्या घरी ओतूच नयेत, असे आमचे मत आहे. वाचणारे पैसे थोडे आणि जोखीम दुहेरी. पागाच्या गोळ्यांबाबत एवढे कठोर होता येत नाही, कारण ते पोट आहे. पण त्याही शक्यतो तयार विकत घ्याव्यात. ओतायच्याच तर घरापासून दूर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, वेगळ्या शेगडीवर. मुले आणि गरोदर बाई जवळपास नको. पावसात किंवा ओल्या साच्यात कधीही नको, कारण वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची एकदम वाफ होऊन सगळे उसळते आणि डोळे जातात. तिथे विडी नको, पानतंबाखू नको. काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुवावे, कपडे निराळे धुवावेत, जमीन केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. गूळ-केळी खाल्ली की शिशाची धूळ उतरते असे कामगार सांगतात, त्यावर विसंबू नये. पोटभर जेवण, दूध, नाचणी, पालेभाजी यांनी मुलाच्या अंगात शिसे कमी मुरते हे खरे, पण उतारा म्हणून त्यांचा उपयोग नाही.

आजवर घरात हे काम झाले असेल तर डॉक्टरांना तसे सांगून मुलांच्या रक्तातले शिसे तपासून घ्यावे. तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत होत नाही, ती नावाने मागावी लागते. ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत २०२१ पासून साडेतीनवरच सावध होतात. आणि ज्या पातेल्यात किंवा पळीत एकदा शिसे वितळवले ते भांडे, कितीही घासले, कल्हई केली, तरी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. भंगारवाल्याला देतानाही त्यात काय वितळवले होते ते सांगावे, नाहीतर ते दुसऱ्या कोणाच्या तरी चुलीवर चढेल.