गोष्टीतून आईच गाळली!

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाने कथाकथनाची स्पर्धा घेतली. अट एवढीच होती की गोष्ट लोककथा असावी आणि दहा मिनिटांत संपावी. बहुतेक स्पर्धकांनी आपापल्या गावाकडच्या गोष्टी आणल्या होत्या. मला मात्र काहीतरी वेगळे करून दाखवायचे होते. (‘वेगळे करून दाखवणे’ हा आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा जुनाच रोग आहे.) ग्रंथालयात ईशान्य भारतातील लोककथांचे एक इंग्रजी पुस्तक हाती लागले. त्यातली नागालँडमधील अंगामी लोकांची एक कथा मी उचलली, मराठीत आणली, घासूनपुसून लख्ख केली आणि दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस घेऊन घरी आलो.

मी सांगितलेली गोष्ट अशी. फार पूर्वी वाघ, भूत आणि माणूस हे तिघे सख्खे भाऊ होते. पुढे घरावरून त्यांच्यात भांडण जुंपले. शेवटी पैज ठरली. दूरवर गवताची एक जुडी खूण म्हणून उभी करायची; तिला जो आधी शिवेल त्याने गावात राहायचे, उरलेल्यांनी निघून जायचे. धावण्यात वाघापुढे माणसाचा काय पाड लागणार? पण माणसाने धनुष्य उचलले आणि जागच्या जागी उभे राहून बाण सोडला. बाण जुडीला लागला, म्हणजे माणूसच आधी शिवला! वाघ रानात गेला, भूत अंधारात गेले, घर माणसाला मिळाले. येथे मी आवाज जरा चढवून म्हणालो, “मित्रहो, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हेच ही कथा आपल्याला शिकवते!” टाळ्या पडल्या. परीक्षकांनीही मान डोलावली.

कार्यक्रम संपल्यावर प्रथम वर्षातली एक मुलगी मला शोधत आली. ती कोहिमाजवळच्या एका गावची, अंगामीच. मराठी तिला जेमतेम समजते. पण तीन भाऊ, जुडी आणि बाण एवढ्यावरून तिने गोष्ट ओळखली होती. हिंदीत म्हणाली, “गोष्ट आमचीच ना ही?”

“हो,” मी अभिमानाने म्हणालो.

“मग आई कुठे गेली?”

आई होती. पुस्तकातही होती. दहा मिनिटांत बसेना म्हणून मी तिला गाळली होती! तिच्या गावात सांगतात त्या गोष्टीचा निम्मा भाग आईचाच आहे. आई म्हातारी होते, अंथरूण धरते. मुलगे पाळीपाळीने तिच्याजवळ बसतात. वाघाची पाळी असली की तो तिचे अंग चाचपून पाहतो, मेल्यावर कुठला लचका आधी खावा याचा हिशोब करतो. भुताची पाळी असली की तिचे दुखणे बळावते. माणूस उशाशी बसला की तिला जरा बरे वाटते, चार घास पोटात जातात. आणि पैजेच्या वेळी बाण मारण्याची युक्ती माणसाच्या कानात तीच सांगते. म्हणजे मी ज्या युक्तीचा एवढा डांगोरा पिटला ती माणसाची नव्हतीच. आईची सेवा केली म्हणून त्याला घर मिळाले. मी सेवा गाळली, हुशारी ठेवली.

एवढ्यावरच हे थांबले नाही. ती म्हणाली, “आणि वाघ आमचा भाऊ आहे, हे तू सांगितलेस, पण पुढे विसरून गेलास.” मला ते नीट उमगले नाही. म्हणून जे. एच. हटन या इंग्रज अधिकाऱ्याचा अंगामी नागांवरील १९२१ सालचा ग्रंथ मिळवून वाचला. त्यात नोंद आहे की वाघ मारला गेला की गावचा पुजारी थोरल्या भावाच्या मृत्यूबद्दल एक दिवस काम बंद ठेवण्याची दवंडी देत असे. सुतकच म्हणा ना. वाघाच्या जबड्यात पाचर मारून ते मुंडके वाहत्या पाण्यात ठेवीत. कारण मेलेला वाघ आपल्या दुसऱ्या भावाला, म्हणजे भुताला, मारणाऱ्याचे नाव सांगू लागला तर ऐकणाऱ्याला पाण्याची गुळगुळ तेवढी ऐकू यावी! हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. मी विजयाची गोष्ट सांगितली होती. त्या लोकांच्या लेखी ती भाऊ दुरावल्याची गोष्ट आहे, आणि जिंकणारा अजून थोडा घाबरलेलाच आहे.

मला वाटते, लोककथेचे निम्मे शरीर तिच्या शब्दांच्या बाहेर असते. सुतकात, शेतात, एखाद्या दगडात, सांगणाऱ्याच्या नात्यात. आपल्याकडचीच कहाणी घ्या. श्रावणी सोमवारी माझी आजी हातात अक्षता घेऊन कहाणी सांगे आणि आम्हा नातवंडांना हुंकार द्यावा लागे. हुंकार थांबला की कहाणी थांबली. त्याच कहाण्या आज पुस्तकात मिळतात, मी वाचल्याही आहेत. पण त्या वाचताना हुंकार कोणाला देणार?

नागा टेकड्यांत तर या बाहेरच्या अर्ध्या शरीराला फार मोठे स्थान होते. तिथे पूर्वी गावोगावी मोरुंग असत, म्हणजे तरुण मुलांनी रात्री एकत्र राहण्याची घरे. आओ लोक त्याला अर्जू म्हणतात. लढणे, लाकूड कोरणे, गाणी आणि कुळाचा इतिहास हे सगळे तिथेच शिकायचे. शाळा, देवडी आणि सभागृह एका छपराखाली. गोष्ट तिथे करमणुकीसाठी नव्हती. आपले कूळ कुठल्या दगडातून आले, कुठल्या गावाशी सोयरीक चालते, कुठल्या गावाशी चालत नाही, हे ज्याला सांगता येत नाही त्याला गावच्या बैठकीत बोलायला तोंडच नाही.

फेक जिल्ह्यात खेझाकेनो नावाचे गाव आहे. तिथल्या एका शिळेवर धान वाळत घातले की संध्याकाळी दुप्पट होई. एका घरचे तीन भाऊ पाळीने धान घालीत. पाळीवरून भांडण इतके पेटले की रक्त सांडेल या भयाने आईबापांनी शिळेवर लाकडे रचून आग लावली. शिळा तडकली, तिच्यातले दैवत धुरावाटे निघून गेले आणि भाऊ पांगले. अंगामी, सेमा, लोथा हे लोक आपण तिथून पांगलो असे सांगतात. उद्या कोणी ‘जादूचा दगड’ असे नाव देऊन ही कथा मुलांच्या पुस्तकात छापील, आणि खाली तात्पर्य देईल : ‘भांडू नये’. पण ज्यांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत अशा लोकांना आपण मूळचे एका घरचे, ही आठवण त्या कथेने धरून ठेवली आहे, ती छापताना कुठे जाईल?

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे मला ठाऊक आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ‘मग हातच लावू नका! अंगामींच्या कथा अंगामींनीच सांगाव्यात, तेनिदिए भाषेतच सांगाव्यात.’ बोलायला हे सोपे आहे. पण मोरुंग आज कुठे आहेत? आओ लोकांत एक कथा आहे की पूर्वी त्यांना लिपी होती. ती कातड्यावर लिहून भिंतीला टांगली होती. एके दिवशी कुत्र्याने ते कातडे ओढून खाल्ले, आणि तेव्हापासून सगळे तोंडी लक्षात ठेवणे आले. १८७२ साली क्लार्क हे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी आओ मुलखात पोहोचले. त्यांच्याबरोबर रोमन लिपी आली. कुत्र्याने नेलेले परत मिळाले म्हणायचे! पण त्याच मिशनने जुनी गाणी, जुने सण आणि मोरुंगमधले राहणे ख्रिस्ती माणसाला न शोभणारे ठरवले. आज राज्यातली जवळजवळ ८८ टक्के लोकसंख्या ख्रिस्ती आहे (२०११ ची जनगणना). मिशनला नुसते दूषण देण्यात अर्थ नाही. शाळा त्यांनीच काढल्या, मुली शिकल्या त्या त्यांच्यामुळेच. पण कातडे परत आले आणि ज्या डोक्यांनी इतकी वर्षे साठवून ठेवले होते त्यांचे काम संपले, हेही खरे आहे. पुढे १९५० नंतरच्या दशकात बंडखोरी आणि लष्करी कारवाई सुरू झाली, गावे जळाली, माणसे तात्पुरत्या वसाहतींत हलवली गेली. अशा रात्री शेकोटीभोवती गोष्टी कोण सांगणार?

तेव्हा पुन्हा सांगणे अटळ आहे. प्रश्न कसे सांगायचे एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर मला पुण्यात बसून सुचण्याचे कारण नाही. ते तिथल्याच दोन लेखिकांनी करून दाखवले आहे. टेम्सुला आओ (१९४५–२०२२) शिलाँगला इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. १९८५-८६ मध्ये त्या अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेल्या. तेथील मूळ रहिवासी आपली तोंडी परंपरा कशी जपतात हे पाहून त्यांना आपल्या लोकांची आठवण झाली. परत आल्यावर कित्येक वर्षे आओ वृद्धांकडून ऐकून त्यांनी ग्रंथ सिद्ध केला. तो १९९९ साली बडोद्याच्या ‘भाषा’ने प्रसिद्ध केला. ‘भाषा’चे संस्थापक गणेश देवी आपल्या भोरचे, हे जाता जाता सांगतो. नुसत्या कथा देऊन त्या थांबल्या नाहीत. कथा, कूळ, रूढी, जमीन यांचे एकमेकांशी नाते काय, ते उलगडत गेल्या. दुसऱ्या ईस्टरिन किरे. त्यांची रीत निराळी. अंगामी लोकांत काही माणसांचा आत्मा वाघात वावरतो अशी समजूत आहे. किरे त्या समजुतीची टिंगल करीत नाहीत, तिला रूपकही करून टाकीत नाहीत. ‘व्हेन द रिव्हर स्लीप्स’ (२०१४) या कादंबरीतला शिकारी रानात निघतो तेव्हा भुते आणि वाघ-माणसे त्याच्या वाटेवर सहज उभी असतात, जशी दगड-धोंडे असावीत तशी. दोघींनीही इंग्रजीत लिहिले. त्याबद्दल कोणी नाक मुरडले तर मी विचारीन, डझनाहून अधिक भाषांच्या त्या टेकड्यांत एकीची गोष्ट दुसरीला कळावी कशी?

दर डिसेंबरात कोहिमाजवळ किसामा येथे हॉर्नबिल महोत्सव भरतो. २००० साली सुरू झाला. तिथे प्रत्येक जमातीचे मोरुंग उभे केलेले आहे. मी तिथे गेलेलो नाही. माझी मैत्रीण दोनदा गेली आहे, तिला तो आवडतो, आजी मात्र एकदा जाऊन आली आणि म्हणाली, “घर छान बांधलंय. झोपतं कोण तिथे?”

आम्ही मराठी लोक लोककथांच्या बाबतीत कमी श्रीमंत नाही. दुर्गाबाई भागवतांनी तर निरनिराळ्या प्रांतांच्या कथा मराठीत आणल्या. पण सांगणाऱ्याचे नाव टिपण्याची आठवण आपल्याला क्वचितच होते. या बाबतीत मला एका जुन्या पुस्तकाचे नवल वाटते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा दख्खनी कथांचा संग्रह लंडनला छापला. त्या कथा तिला तिच्या आयेने, अॅना लिबेराता डिसूझा हिने, सांगितल्या होत्या. अॅनाला त्या तिच्या आजीकडून मिळालेल्या. आणि संग्रहाच्या आरंभीच अॅनाने स्वतः सांगितलेली स्वतःची हकीकत आहे! साहेबी राज्यातल्या एका गव्हर्नरच्या मुलीला जे सुचले ते मला भर विसाव्या-एकविसाव्या शतकात शिकूनही सुचले नाही. माझ्या प्रमाणपत्रावर माझे नाव आहे. गोष्ट कुठल्या गावची, कोणी सांगितलेली, याचा त्यावर उल्लेख नाही, आणि परीक्षकांनीही तो विचारला नाही.

यंदाच्या स्पर्धेच्या नियमांत मी एक ओळ घालायला सुचवली आहे : गोष्ट कोणाकडून ऐकली ते आधी सांगावे, पुस्तकातून घेतली असेल तर पुस्तकाला ती कुठे मिळाली तेही शोधावे. मंडळात यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, यामुळे स्पर्धक कमी होतील. होतील कदाचित.

मध्यंतरी एका संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहासमोरच्या कट्ट्यावर बसून मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी आईसकट. अर्धा तास लागला. मैत्रिणीने आजीला फोन लावला होता. मी हिंदीत सांगत होतो, ती तेनिदिएत करून सांगत होती. आजीने दोनदा अडवले. एकदा जुडी कुठल्या बाजूला उभी केली होती ते मी सांगितले नाही म्हणून, आणि एकदा वाघाच्या पाळीच्या वेळी मी घाई केली म्हणून. शेवटी तिकडून एक प्रश्न आला. मैत्रीण हसली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, “विचारतेय, मुलगा कुठल्या गावचा?”

मी पुण्याचा, असे सांगितले. ते आजीला पटले नाही. ते शहर झाले, गाव कुठले? तेव्हा मी वाईजवळच्या आमच्या गावाचे नाव सांगितले. तिथे मी आजवर दोनच वेळा गेलो आहे.