नियोजन समितीवरील लोकप्रतिनिधी : मानकरी की मुखत्यार?

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांची सभागृहे प्रदीर्घ काळ ओस पडली होती. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड या महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची व नगरपरिषदांची गत याहून वेगळी नव्हती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळत राहिला आणि त्याच्या आडोशाने निवडणुकाही रेंगाळल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांपासून मतदानाला प्रारंभ झाला व जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकांची पाळी आली. नगराध्यक्ष कोण, महापौर कोण, स्थायी समिती कोणाकडे, याची चर्चा चावडीपासून मंत्रालयापर्यंत रंगली. परंतु निवडून आलेल्या या सदस्यांपैकी जिल्हा नियोजन समितीवर कोणी जावयाचे आणि तेथे जाऊन काय करावयाचे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. वस्तुतः नगरसेवकाच्या व जिल्हा परिषद सदस्याच्या वाट्याला येणाऱ्या अधिकारांपैकी सर्वांत मोठा अधिकार याच समितीत दडलेला आहे.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती बंधनकारक केली. ही दुरुस्ती १९९२ साली संसदेने संमत केली व १ जून १९९३ पासून ती अमलात आली. कलम २४३-झेडडी मधील तरतूद अगदी स्पष्ट आहे. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यामधूनच निवडून द्यावयाचे आणि त्यांचे प्रमाण जिल्ह्यातील ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवावयाचे. समिती पन्नास जणांची असेल, तर त्यातील चाळीस जण लोकांनी निवडलेले असले पाहिजेत, असा याचा सरळ अर्थ आहे. पंचायतींनी व नगरपालिकांनी तयार केलेल्या योजना एकत्र करून साऱ्या जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे, हे तिचे काम. तो करताना गाव व शहर यांच्या समाईक हिताचे प्रश्न विचारात घ्यावेत, असेही घटना सांगते. त्यात जागेचे नियोजन आहे, पर्यावरणाचे रक्षण आहे आणि पाण्याची व अन्य नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी आहे. खेड्याचा व शहराचा प्रतिनिधी एकाच मेजाभोवती समान अधिकाराने बसून पाण्याचा वाटा ठरवील, अशी ही कल्पना आहे. भारतीय लोकशाहीच्या रचनेत अशी दुसरी जागा शोधून सापडणार नाही.

कागदावरची ही कल्पना प्रत्यक्षात उतरताना तिचे काय झाले? महाराष्ट्राने १९९८ साली जिल्हा नियोजन समित्यांचा कायदा केला. अध्यक्ष कोणी व्हावयाचे, हे घटनेने राज्यांवर सोपविले होते. महाराष्ट्राने ती खुर्ची पालकमंत्र्याला दिली आणि सचिवाचे काम जिल्हाधिकाऱ्याला. म्हणजे चार-पंचमांश बहुमत लोकांच्या प्रतिनिधींचे, परंतु बैठक बोलावणार मंत्री, विषयपत्रिका व टिपणे तयार करणार जिल्हाधिकारी कार्यालय आणि रकमेची मर्यादा ठरविणार राज्य शासन! केरळने निराळा मार्ग स्वीकारला. तेथे जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष हाच नियोजन समितीचा अध्यक्ष असतो. पश्चिम बंगालमध्येही हा मान जिल्हा परिषदेच्या सभाधिपतीकडे आहे. घटना एकच, कलमही एकच. पण राज्यकर्त्यांचा लोकांवरील विश्वास किती, त्याप्रमाणे त्या कलमाचा अर्थ बदलतो.

पालकमंत्रिपदासाठी झुंज कशासाठी?

पालकमंत्री हे पद घटनेत कोठेही नाही. ती शासनाने आपल्या सोयीसाठी केलेली व्यवस्था आहे. तरीही त्या पदासाठी सत्ताधारी पक्षांमध्ये केवढी चुरस असते, हे जानेवारी २०२५ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. रायगड व नाशिक या दोन जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांच्या नेमणुका जाहीर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना स्थगिती द्यावी लागली. सत्तेतील भागीदारांनाच त्या मान्य नव्हत्या. जिल्ह्यातील जनतेच्या सेवेची उत्कंठा एवढी अनावर झाली, असे कोणी मानणार नाही. जिल्हा वार्षिक योजनेच्या तिजोरीची किल्ली पालकमंत्र्याच्या कनवटीला असते, हे त्यामागचे खरे कारण आहे. कोणत्या तालुक्यात रस्ता, कोणत्या गावात शाळेची खोली, कोठे साकव, कोठे आरोग्य उपकेंद्र, याचा निर्णय जिच्या हाती ती व्यक्ती जिल्ह्यातील पुढच्या निवडणुकीचीही पायाभरणी करीत असते.

ही किल्ली समितीच्या बहुसंख्य निर्वाचित सदस्यांच्या हाती का आली नाही, याचा सारा दोष कायद्याच्या माथी मारून चालणार नाही. वर्षानुवर्षांचा शिरस्ता असा पडला की बैठकीत पालकमंत्री बोलतात, खासदार-आमदार आपापल्या मतदारसंघाची गाऱ्हाणी मांडतात, अधिकारी आकडे वाचून दाखवितात, आणि निर्वाचित सदस्य आपल्या विभागातील एखादे काम यादीत घुसले की समाधानाने घरी परततात. आराखडा ‘एकमताने मंजूर’ झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येते. मार्चअखेर जवळ आली की अखर्चित रकमेचे पुनर्विनियोजन होते आणि ज्या कामांसाठी पैसा मागितला होता त्यांच्याऐवजी जी कामे लवकर उरकतील त्यांच्याकडे तो वळतो. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दलित वस्तीपर्यंत पोहोचला की वस्तीच्या नावावर अन्यत्र खर्ची पडला, आदिवासी उपयोजनेतील रस्ता पाड्यावर गेला की ठेकेदाराच्या सोयीच्या फाट्यापर्यंतच थांबला, हे विचारण्याचा अधिकार समितीच्या प्रत्येक सदस्याला आहे. पण समितीवरील जागेकडे मानाचे पान म्हणून पाहणारा सदस्य हा प्रश्न विचारीत नाही. मानकऱ्याला पंगतीत वाढप्याशी भांडता येत नाही.

सभागृहे ओस, तर समितीही ओस

स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबविल्या की नगरसेवकांची पदे जातात, एवढेच सामान्यतः लक्षात येते. त्यांच्यामागोमाग नियोजन समितीचा निर्वाचित पायाही ढासळतो, हे नजरेआड होते. पुण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या महानगर प्रदेशासाठी घटनेने स्वतंत्र महानगर नियोजन समिती सांगितली आहे व तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य निर्वाचित असावेत, असे बंधन घातले आहे. पुणे महानगर प्रदेशासाठी या समितीची निवडणूक नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. महानगरपालिका, नगरपरिषदा व ग्रामपंचायती यांतील प्रतिनिधी तीत निवडून आले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये, पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरपालिकांचीच मुदत संपली. दोन्ही महानगरांत जनतेने निवडलेला एकही नगरसेवक उरला नाही. २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण मात्र मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या जागी कायम होते. नोकरशाहीची व मंत्र्यांची संस्था अखंड आणि लोकांची संस्था खंडित, अशी ही विषम रचना आहे. शेकडो गावांच्या जमिनीवर रस्ते, आरक्षणे व नागरी वस्त्या आखण्याचे काम अशा काळात होणे, हा लोकशाहीचा उपमर्द होय.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. स्थानिक प्रतिनिधीची दृष्टी आपल्या प्रभागापलीकडे जात नाही. साऱ्या प्रदेशाचा विचार तज्ज्ञ व शासनच करू शकते. नगरसेवकांच्या व सरपंचांच्या हाती नियोजन दिले तर त्याचे तुकडे होतील, असा तो आक्षेप आहे. संकुचितपणाचा आरोप अगदीच निराधार नाही. परंतु तज्ज्ञांनी व शासनाने केलेल्या ‘प्रादेशिक’ विचाराची फळे कोणाच्या पदरात पडली, हेही तपासले पाहिजे. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधीने जगणे असह्य झाले, कचऱ्याच्या गाड्या अडविण्याची पाळी ग्रामस्थांवर पुनःपुन्हा आली. २०१७ साली ही गावे महापालिकेत आणली गेली आणि पुढे त्यांना तिच्यातून वेगळे काढून त्यांची नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. या साऱ्या घडामोडींत गावकऱ्यांना बोलण्याची जागा होती ती रस्त्यावर. निर्णयाच्या मेजावर नव्हती.

पाण्याचीही हीच कथा आहे. खडकवासला प्रकल्पाचे पाणी पुणे शहर पिते आणि त्याच प्रकल्पाच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांतील शेती उभी आहे. शहर वाढले तसा पिण्याच्या पाण्याचा वाटा वाढला आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला आवर्तनाची वाट पाहत बसावे लागले. येथे शहरातील कष्टकरी आणि इंदापूरचा शेतकरी एकमेकांचे वैरी नाहीत. झोपडपट्टीतील नळाला दिवसातून तासभर पाणी येते आणि त्याच शहरातील श्रीमंत वसाहतींमध्ये पोहण्याचे तलाव भरतात, ही विषमता त्या दोघांनाही छळते. नळाखाली बसलेली मोलकरीण व बारीवर उभा असलेला शेतकरी यांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले, तर शहराने किती पाणी शुद्ध करून शेतीसाठी परत द्यावे, गळती किती रोखावी, मोठ्या वापरावर किती आकार लावावा, हे प्रश्न निघाल्यावाचून राहणार नाहीत. संकुचितपणावरचा उपाय प्रतिनिधींना बाहेर ठेवणे हा नसून त्यांना एकमेकांसमोर बसविणे, हा आहे. तज्ज्ञांची गरज अर्थातच आहे. त्यांनी आकडे, नकाशे व पर्याय मांडावेत. निवड लोकांच्या प्रतिनिधींनी करावी.

चौखंबा राज्याची परंपरा

समाजवादी चळवळीला हा विचार परका नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी चौखंबा राज्याची मांडणी केली, तेव्हा केंद्र व प्रांत यांच्या बरोबरीने जिल्हा आणि गाव हेही राज्याचे स्वतंत्र खांब असले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. खांब म्हणजे वरून आलेला भार निमूट वाहणारे ओझेकरी नव्हेत. त्यांच्याकडे स्वतःचा पैसा व स्वतःचा अधिकार हवा. जनता पक्षाच्या राजवटीत नेमलेल्या अशोक मेहता समितीने १९७८ च्या अहवालात राज्याखालील विकेंद्रीकरणाचा पहिला टप्पा जिल्हा हाच मानला. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या व पंचायती राज्याच्या बाबतीत हे राज्य देशात अग्रेसर गणले गेले. त्याच महाराष्ट्रात आज जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला जिल्ह्याच्या नियोजनात पालकमंत्र्यानंतरचे स्थान असावे, यातील विसंगती कार्यकर्त्यांना सलली पाहिजे. केरळात १९९६ साली लोकयोजना मोहीम सुरू झाली व राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. त्या मोहिमेतही दोष राहिले असतील. परंतु ग्रामसभेतून निघालेली मागणी जिल्ह्याच्या आराखड्यापर्यंत चढत जाऊ शकते, एवढे तिने निश्चित दाखवून दिले.

या दृष्टीने समाजवादी कार्यकर्त्यांपुढील काम दुहेरी आहे. १९९८ च्या कायद्यात दुरुस्ती करून नियोजन समितीचे अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या निर्वाचित अध्यक्षाकडे द्यावे आणि कोणत्याही सबबीखाली स्थानिक निवडणुका लांबल्या, तर त्या काळात प्रादेशिक स्वरूपाचा कोणताही आराखडा अंतिम करू नये, ही मागणी विधिमंडळात व रस्त्यावर लावून धरली पाहिजे. परंतु कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आजच्या कायद्यातही निर्वाचित सदस्यांचे बहुमत शाबूत आहे आणि ते वापरण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

ज्या पालिकेत वा जिल्हा परिषदेत पक्षाचे किंवा मित्रपक्षांचे सदस्य असतील, तेथे नियोजन समितीवर जाणाऱ्या सदस्याची निवड जातीचे गणित वा ज्येष्ठतेचा मान पाहून होऊ नये. आकडे वाचण्याची तयारी व अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याचे धैर्य पाहून व्हावी. बैठकीपूर्वी ग्रामसभांचे ठराव व वस्त्यांच्या मागण्या त्याच्या हाती पडल्या पाहिजेत, आणि विषयपत्रिका पुरेशा दिवसांआधी मिळावी म्हणून सदस्यांनी एकजुटीने अडून बसले पाहिजे. न पटणाऱ्या पुनर्विनियोजनाला विरोध असेल, तर तो इतिवृत्तात नोंदवून घेतला पाहिजे; ‘एकमताने’ हा शब्द फुकट देऊ नये. बैठक संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्या सदस्याने आपल्या तालुक्यात जाहीर सभा घेऊन काय मागितले, काय मिळाले व काय नाकारले गेले, याचा हिशेब द्यावा. जो सदस्य असा हिशेब देणार नाही, त्याला पुढच्या वेळी समितीवर पाठवू नये, मग तो पक्षाचा कितीही जुना निष्ठावंत असो.

नव्या सभागृहांतील सदस्यांची पहिली ओळख अजून व्हावयाची आहे. सत्कारांचे हार अद्याप सुकलेले नाहीत. समित्यांवरील निवडी होण्यापूर्वीच प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्य यांना एकत्र बोलावून हा विषय त्यांच्यापुढे ठेवावा. गेल्या तीन वर्षांचे जिल्हा वार्षिक योजनेचे आराखडे व खर्चाचे तक्ते जिल्हा नियोजन कार्यालयाकडून माहितीच्या अधिकारात मागविता येतात. कामाचा आरंभ तेथून करावा.